पिल्ले वाटण्याआधी लसीचा दिवस ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसात दहा-वीस कोंबड्या सोडा, उरलेसुरले खातील आणि अंडी फुकट मिळतील, असा सल्ला हल्ली बचतगटाच्या बैठकीपासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. सांगणारे जातींवर तासभर बोलतात: गिरिराज घ्या, वनराज घ्या, कडकनाथ घ्या. पिल्लू आणल्यापासून पहिले अंडे हातात येईपर्यंतच्या सहा महिन्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शंभर पिल्ले आणावीत आणि अंडी सुरू होईतो बोटांवर मोजण्याइतकी उरावीत, हे गावोगाव घडते. मग दोष जातीला दिला जातो. जात बिचारी काय करणार? पिल्ले मरतात ती पहिल्या तीन आठवड्यांत ऊब न मिळाल्याने, त्यातून जगली तर पावसाळ्यात ओल्या जमिनीने, आणि त्यातूनही वाचली तर मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने. तिन्ही गोष्टी टाळता येतात. पण त्या पिल्ले यायच्या आधी ठरवाव्या लागतात.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत निम्म्या किमतीच्या अनुदानावर दोन प्रकारचे गट मिळतात. एक दिवसाची १०० पिल्ले, किंवा ८ ते १० आठवडे वयाच्या २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) आणि ३ नर. ज्याच्या घरी ऊब देण्याची पक्की सोय नाही, त्याने डोळे मिटून दुसरा गट मागावा. पिल्लांच्या जिवावर बेतणारे आठवडे तोवर उलटलेले असतात, शिवाय आठ-दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाणही आपोआप जमते. तलंगा ताब्यात घेताना मात्र एक प्रश्न न लाजता विचारावा: मानमोडीची लस टोचली का, आणि कोणत्या तारखेला? उत्तर कागदावर मिळाले तर उत्तम.

पिल्लेच आणायची असतील तर आधी बल्बचे बघा. पिल्लामागे दोन वॅट, हा हिशेब वर्षानुवर्षे माहितीपत्रकांत छापला जातो. तो तारेच्या पिवळ्या बल्बचा हिशेब आहे. आता दुकानात मागाल तर एलईडी मिळतो. तो उजेड देतो, ऊब देत नाही. पन्नास पिल्लांवर नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी टांगले जातात आणि सकाळी बल्बखाली मेलेल्या पिल्लांचा ढीग सापडतो. ऊबेसाठी पोल्ट्रीच्या दुकानातून उष्णतेचा लाल बल्ब आणावा लागतो, १५० किंवा २५० वॅटचा. वीज जाणाऱ्या गावात शेगडीवर पालथे घमेले ठेवून ऊब देतात. तेही चालते, पण छपराजवळ हवा बाहेर पडायला जागा ठेवली पाहिजे, नाहीतर कोळशाच्या वायूने पिल्ले गुदमरतात. दोन-तीन तासांपुरती वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवल्या तरी वेळ निभावते.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३४-३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत न्यायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत, चोच उघडी टाकून कडेला पसरली असतील तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो. इकडेतिकडे विखरून, काही खात, काही पेंगत असतील तर नीट आहे. त्यांच्याभोवतीचे कुंपण पत्र्याचे वा पुठ्ठ्याचे, दीड फूट उंच आणि गोल असावे. कोपरा असला की गारठलेली पिल्ले तिथे घुसतात आणि खालची चेंगरतात. खाली दोन इंच भाताचे तूस घालावे. त्यावर वर्तमानपत्र पसरायचे असेल तर पहिले दोन दिवसच (संपादकांनी राग मानू नये), कारण गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात, आणि एकदा फाकलेले पिल्लू क्वचितच नीट चालते. आल्याआल्या गूळपाणी द्यावे, दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटलेली दिसली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढावी. तशीच राहिली तर पिल्लाला शी करता येत नाही आणि ते दगावते.

बाजारात टोपलीतून रंगवलेली पिल्ले विकायला येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते बहुतेक अंड्यांच्या जातीतले, उबवणी केंद्राने बाजूला काढलेले नर असतात. अंडी देणार नाहीत हे उघड आहे, मांसही धड धरत नाहीत.

पिल्ले कधी आणायची, हा प्रश्न कोणत्या जातीची आणायची यापेक्षा मोठा आहे. कोकणात आणि घाटमाथ्याला माघ-फाल्गुन चांगला. मृगाचा पाऊस येईतो पिल्ले तीन-साडेतीन महिन्यांची होतात. विदर्भ-मराठवाड्यात मेमधली ४४ अंशांची दुपार पिल्लांना आणि जड कोंबड्यांनाही झेपत नाही, तिथे दसरा-दिवाळीच्या सुमारास आणलेली बरी. जून-जुलैत आणलेल्या पिल्लांना रक्ती हगवण ठरलेली. तिचे जंतू ओल्या तुसात आणि चिखलात वाढतात आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना गाठतात. पंख लोंबकळतात, पिल्लू गोळा होऊन बसते, विष्ठेत रक्त दिसते. अँप्रोलियमची भुकटी पाण्यातून पाकिटावरच्या मात्रेने पाच ते सात दिवस द्यावी. इथे एक चूक हमखास होते: ‘अशक्त झालीत’ म्हणून त्याच पाण्यात बी जीवनसत्त्वाचे टॉनिक टाकतात. हे औषध जंतूंना बी-१ मिळू देत नाही, म्हणूनच काम करते. वरून टॉनिक ओतले की औषधाचा जोर गेला. टॉनिक नंतर द्या. आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढून टाका, निम्मा रोग तिथेच थांबतो.

खुराडे महाग असायची गरज नाही. दहा कोंबड्यांना चार फूट बाय पाच फूट पुरते, जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर. खाली बांबूच्या पट्ट्या पाऊण इंच अंतर ठेवून ठोकल्या की विष्ठा खाली पडते आणि भाजीच्या वाफ्याला खत मिळते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. लोक चुकतात ते जाळीत. षटकोनी भोकांची पातळ ‘कोंबडी जाळी’ कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा रानमांजराला बाहेर ठेवत नाही. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवी. उंदीरसुद्धा पिल्ले ओढून नेतात आणि उंदरांमागोमाग साप येतो. दाराला सुतळी नको, कडी हवी. दिवसा घार आणि मुंगूस असतात, त्यासाठी परसात झुडपे किंवा एखादा मांडव असावा. उघड्या अंगणात पिल्लांना लपायला जागाच नसते.

थंडीत खुराडे चारही बाजूंनी प्लास्टिकने बांधून टाकण्याची सवय घातक आहे. सकाळी दार उघडून कोंबडीच्या उंचीला डोके न्यावे. डोळे चुरचुरले तर समजा, रात्रभर कोंबड्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू ओढत होत्या. त्यातून घरघर आणि सर्दी सुरू होते आणि लोक थंडीला बोल लावतात. छपराखालची वीतभर जागा बाराही महिने उघडी हवी. बसायच्या दांड्या दीड-दोन इंच जाडीच्या, कडा गोल केलेल्या, कोंबडीमागे आठ इंच. अंडी घालायची खोकी दांड्यांपेक्षा खाली ठेवावीत. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागी झोपते, खोके उंच असेल तर तिथेच झोपून ते घाण करते. पाच कोंबड्यांना एक खोके पुरे. दांड्यांच्या फटी महिन्यातून एकदा रात्री बॅटरी लावून तपासाव्यात, कारण लाल गोचीड दिवसा फटीत असते आणि रात्री बाहेर पडते.

आता ‘फुकट’ खाण्याबद्दल. परसात फिरून कोंबडीला किडे, गवत, सांडलेले दाणे मिळतात, पण दहा कोंबड्यांना पुरेल इतके एका परसात नसते. पावसाळ्यात गांडुळे-किडे मुबलक असतात, फाल्गुनानंतर काहीच उरत नाही. बंदिस्त कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. फिरणारीला निदान ५० ग्रॅम वरून द्यावेच लागतात. दहा कोंबड्यांचे महिन्याला १५ किलो झाले. घरी मिसळायचे तर दहा किलोसाठी मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीन पेंड दोन किलो दोनशे ग्रॅम, तांदळाची पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) दोन किलो शंभर ग्रॅम, खनिज मिश्रण १७० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिने सतरा टक्क्यांच्या आसपास बसतात. पॉलिश दोन-तीन आठवड्यांत खवट होते, म्हणून एकदम क्विंटलभर मिसळून ठेवू नये. मराठवाड्यात घरचे सोयाबीन कच्चेच भरडून घालतात. ते कोंबडीला पचत नाही, उलट पेंडीतली प्रथिनेही पचू देत नाही. भाजून घाला किंवा पेंड वापरा. बुरशी आलेला मका आणि शेंगदाण्याची काळी पडलेली पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकू नये, त्यातले विष त्यांचे यकृत बिघडवते. कोकणात खाऱ्या मासळीचे धुवण आणि लोणच्याचे खार खरकट्यात जाते. त्यातल्या मिठानेही कोंबड्या मरतात.

शिंपल्याचा चुरा खाद्यात मिसळू नये, वेगळ्या वाटीत ठेवावा. नरांना आणि तलंगांना तो नको असतो, जास्त चुना पोटात गेला तर तलंगांची मूत्रपिंडे बिघडतात. अंड्यावरची कोंबडी आपल्या गरजेपुरता आपण होऊन टिपते. वाटी संध्याकाळी भरलेली हवी, कारण अंड्याचे कवच रात्री बनते. उन्हाळ्यात कवच पातळ होते ते बहुतेकदा धापा टाकण्यामुळे. तेव्हा चुना वाढवण्यापेक्षा गार पाणी, सावली आणि ओले गोणपाट यांनी जास्त फरक पडतो. अकरा ते चार दाणा घालू नये. खाणे पचवताना अंगातली उष्णता वाढते.

अंड्यांच्या आकड्यांवर लोक भुलतात. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, परसात वाढलेली वनराज शंभर-एकशेदहा, ग्रामप्रिया दीडशेच्या वर. पण वनराज, ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आईबापांसारखी निपजत नाहीत. म्हणून अंड्यांसाठी आठ सुधारित आणि अंडी उबवायला दोन गावठी, असा मेळ घालणे शहाणपणाचे. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. पंधरा घातली की कडेची गार पडतात. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, उन्हाळ्यात पाच. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर पिल्लू आहे, अंडे स्वच्छ दिसले तर काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. कोंबडीला रोज दहा-पंधरा मिनिटे उठवून दाणा-पाणी द्यावे, नाहीतर ती बसल्या जागी झिजते. नर दर वर्षी दुसऱ्या घरच्याशी बदलावा. फक्त खायची अंडी हवी असतील तर नर लागतच नाही. नर नसला तर अंडी येत नाहीत हा गैरसमज अजून सुशिक्षितांतही आहे. आणि तपकिरी अंडे म्हणजे गावरान, हाही तसलाच. कवचाचा रंग जातीवर असतो, बलकाचा रंग मक्यावर आणि हिरव्या पाल्यावर. डिसेंबरात अंडी कमी झाली तर औषध शोधू नका. दिवस लहान झाला आहे, कोंबडीला चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो. इथे एलईडी चालतो.

खायचे नर बाराव्या आठवड्याला वेगळे काढावेत. वीस आठवड्यांनंतर ते खातात त्या मानाने मांस धरत नाहीत, शिवाय माद्यांना छळतात. फाल्गुनात आलेले नर आषाढ सरता सरता कापायला येतात, तेव्हा भावही असतो. श्रावण लागला की गिऱ्हाईक पाठ फिरवते. कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद, पाणी चालू. रक्त पूर्ण निथळले की ६०-६५ अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवावे. उकळत्या पाण्यात कातडे फाटते, कोमट पाण्यात पिसे निघत नाहीत. मांस लगेच शिजवले तर चिवट लागते; आठ-दहा तास गार ठेवले तर गावठी कोंबडाही मऊ शिजतो. कोणतेही औषध दिले असेल तर पाकिटावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत अंडी-मांस खाऊ-विकू नये.

हे सगळे नीट केले तरी एका आठवड्यात खुराडे रिकामे करणारा रोग आहे, तो म्हणजे राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. हिरवी पातळ विष्ठा, धाप, मग मान पिरगळणे. त्यावर औषध नाही, लस आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा या मानमोडीच्या लशीचा एक थेंब, दोन आठवड्यांना गंबोरो रोगाची लस, चार आठवड्यांना पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस, आणि आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगेला पंखाखाली आर-टू-बी, ही मानमोडीचीच टोचायची लस. आर-टू-बी सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला कधीही टोचू नये. ती लस तेवढी जहाल असते आणि लहान पिल्लाला तिनेच रोग होतो. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिलेले असावे. कोंबड्या मरायला लागल्यावर धावाधाव करून लस टोचणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे.

लस असून कोंबड्या मरतात, याची कारणे साधी आहेत. बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी, ती शर्टाच्या खिशातून येते. कालवलेली लस दोन तासांत संपवायची असते, ती संध्याकाळपर्यंत वापरतात. पाण्यातून द्यायची लस नळाच्या पाण्यात कालवतात, आणि ग्रामपंचायतीने त्यात टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची भुकटी) टाकलेले असते. ते लशीतला विषाणूच मारते. विहिरीचे पाणी घ्यावे, लिटरला पाच ग्रॅम दूधभुकटी घालावी आणि कोंबड्या आधी दोन तास तहानलेल्या ठेवाव्यात. खरी अडचण मात्र वेगळी आहे. लशीची बाटली शंभर मात्रांची असते आणि परसात कोंबड्या असतात दहा. एका घरासाठी बाटली फोडायला कोणी तयार होत नाही, आणि एकट्याने आणली तर नव्वद मात्रा मातीत जातात. परिणाम एकच, कोणाच्याच कोंबडीला लस मिळत नाही.

रोग गावात येतो तो बहुधा बाजारातून. जत्रेआधी विकत आणलेली कोंबडी थेट कळपात सोडली जाते. तिला दोन-तीन आठवडे वेगळे डालून ठेवले पाहिजे. मरतुक ओढ्यात फेकू नये, तीन फूट खड्ड्यात चुना घालून पुरावी. आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर लपवू नये. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, तेव्हापासून नियम ठरलेले आहेत. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. उशिरा कळवणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते.

म्हणून मागणी एवढीच. पुण्यातल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत राणीखेतची लस बनते. योजनेत पिल्ले आणि तलंगा वाटल्या जातात. मधला दुवा तेवढा नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून दोन दिवस ठरवावेत, एक मेच्या मध्यावर आणि एक नोव्हेंबरात. आदल्या दिवशी दवंडी किंवा व्हॉट्सॲपवर निरोप द्यावा, वाडीवाडीने कोंबड्यांची संख्या घ्यावी आणि तेवढ्याच बाटल्या बर्फाच्या थर्मासमधून आणाव्यात. ज्या गावाने असा दिवस ठरवलेला नाही, तिथे अनुदानाची पिल्ले पाठवूच नयेत. किती पिल्ले वाटली हा आकडा अहवालात येतोच. सहा महिन्यांनी त्यातल्या किती अंड्यावर आल्या, हा रकानाही शेजारी असावा.

आणि लस टोचायला येणाऱ्यांनी कृपा करून दिवेलागणीनंतर यावे. तेव्हा कोंबड्या खुराड्यात हाताशी असतात. सकाळी अकराला आलेल्या माणसाला निम्म्या गावाच्या कोंबड्या परड्यात आणि उरलेल्या आंब्यावर दिसतात.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी जिल्हा